आधी पाणी, मग पावडर, मग भांडं: सोलापुरातल्या घरी चांगली कॉफी

सोलापूर चहाचं गाव आहे. कॉफी आपल्या घरात शिरते ती पाहुण्यांच्या निमित्ताने, नाहीतर परीक्षेच्या जागरणासाठी. कपात चमचाभर इन्स्टंट पावडर, दोन चमचे साखर, चार थेंब पाणी आणि रंग उजळेपर्यंत चमच्याने फेटत बसायचं. मीही तीच कॉफी पीत मोठी झाले. मग कधीतरी उडपी हॉटेलात स्टीलच्या पेल्यातली फिल्टर कॉफी समोर येते, पहिल्याच घोटाला कळतं की हे काहीतरी वेगळं आहे, आणि माणूस घरी येऊन मोबाइलवर कॉफी मशीनच्या किमती बघायला लागतो.

तिथेच थोडं थांबा. मी थांबले नव्हते. आठ हजारांचं एक मशीन मागवलं. पहिल्या दिवसापासून कॉफी कडूही आणि पाणचटही. सात महिन्यांनी पाणी वर यायचंच बंद झालं. दुरुस्तीवाल्याने मशीन उघडून आतली नळी दाखवली, तर क्षाराचा पांढरा थर इतका साचलेला की टाचणीही आत जाईना. दोष मशीनचा नव्हता. मी त्यात बोअरचं पाणी ओतत होते, पावडर किती महिन्यांची आहे हे कधी पाहिलं नव्हतं, आणि माप अंदाजाचं होतं.

त्यानंतर खरं शिकले ते शेजारच्या अज्जींकडे. त्यांचं माहेर गुलबर्ग्याचं. त्यांच्या ओट्यावर पन्नासेक वर्षांचा पितळी फिल्टर आहे आणि त्यांची कॉफी एकदाही फसलेली मी पाहिली नाही. म्हणून या लेखाचा क्रम दुकानदाराच्या क्रमापेक्षा उलटा आहे. भांडं सगळ्यात शेवटी येईल.

सुरुवातीला एक सवय सोडा

चहा आपण उकळतो. पाणी, साखर, पावडर, आलं, दूध, सगळं एकत्र करून दोन-तीन उकळ्या काढतो. कॉफीला हे चालत नाही. गरम पाणी कॉफीतून आधी आंबटपणा आणि सुगंध काढतं, मग गोडवा, आणि सगळ्यात शेवटी कडवट, तुरट अंश. पावडर घालून उकळत ठेवली की सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि तो शेवटचा कडवटपणा कपात उतरतो. कॉफीच्या पावडरीवर गरम पाणी घालायचं, ठरलेला वेळ थांबायचं आणि चोथा वेगळा करायचा. सगळ्या पद्धती म्हणजे एवढ्याच गोष्टीचे वेगवेगळे प्रकार आहेत.

पायरी 1: पाणी

काळ्या कॉफीच्या कपात साधारण 98 टक्के पाणीच असतं. तरीही नव्याने सुरुवात करणारा पाण्याकडे सगळ्यात शेवटी बघतो. सोलापुरात तर ही पायरी सोडून चालणारच नाही. नळाला पाणी रोज येत नाही, ते साठवून ठेवावं लागतं, मध्ये बोअर असतो, टँकर असतो, पिण्यासाठी जार किंवा आरओ असतो. एकाच घरात तीन प्रकारचं पाणी, आणि तिन्हींची कॉफी वेगळी लागते.

जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट जास्त असतात. बायकार्बोनेट कॉफीतला आंबटपणा मारून टाकतं, त्यामुळे कॉफी सपक आणि मातकट लागते. म्हणजे मग आरओचं पाणी सर्वांत चांगलं, असं वाटेल. तेही पूर्ण खरं नाही. आरओ बहुतेक सगळे क्षार काढून टाकतो, आणि थोडे क्षार असल्याशिवाय पाणी कॉफीतली चव नीट ओढून घेत नाही. अशा पाण्यातली कॉफी पोकळ लागते, कधी आंबटपणा टोचतो.

टीडीएस मीटर नावाचं पेनासारखं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. बऱ्याचदा आरओची सर्व्हिस करायला येणाऱ्याकडेही असतं, त्याला मोजून दाखवायला सांगा. पाण्यात विरघळलेले घटक लिटरला किती मिलिग्रॅम आहेत हे त्यावर दिसतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात 500 पर्यंतचा आकडा चांगला धरला आहे. कॉफीसाठी 150 च्या आसपास उत्तम, 75 ते 250 मध्ये काम नीट भागतं. हा आकडा म्हणजे पाण्याचा जडपणा नव्हे, पण घरच्या कामाला पुरेसा अंदाज देतो.

माझ्याकडे साठवलेल्या नळाच्या पाण्याचा आकडा 320 आला आणि आरओचा 40. दोन वाट्या आरओ आणि एक वाटी नळाचं पाणी एकत्र केलं की तो 130 च्या जवळ येतो. गेली तीन वर्षं मी हेच मिश्रण वापरते. साठवलेल्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर रात्री उघड्या पातेल्यात काढून ठेवा, सकाळपर्यंत बराचसा उडून जातो. बोअरचं पाणी कॉफीला वापरू नका.

मीटर नसेल तर जिभेवर परीक्षा घ्या. दोन सारखे कप घ्या, दोन्हीत सारखी पावडर. एकात आरओचं उकळतं पाणी ओता, दुसऱ्यात मिश्रणाचं. चार मिनिटं थांबा, वरचा चोथा चमच्याने बाजूला सारा आणि दूध-साखर न घालता दोन्ही कप आलटून पालटून चाखा. ही परीक्षा एकदा केली की पाण्याबद्दल आणखी काही सांगावं लागत नाही.

तापमानाचं थोडक्यात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी 100 ऐवजी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. कॉफीला 90 ते 96 अंश हवं. गॅस बंद करा, पातेल्यातले बुडबुडे शांत होऊ द्या, पाऊण मिनिट थांबा. झालं. थर्मामीटर घेऊ नका.

पायरी 2: बिया आणि पावडर

भारतात पिकणाऱ्या कॉफीतली सुमारे 70 टक्के एकट्या कर्नाटकातून येते, म्हणजे चिकमगळूर, कोडगू, हासन या पट्ट्यातून. सतराव्या शतकात सूफी संत बाबा बुडन यांनी हजहून परत येताना येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. आजही त्या डोंगररांगेला त्यांचंच नाव आहे. आपलं गाव त्या राज्याच्या वेशीवर आहे. उद्यान एक्स्प्रेस बेंगळुरूहून आपल्याच स्टेशनवरून मुंबईला जाते. तिकडून कोणी येणार असेल तर फराळाऐवजी ताजी भाजलेली पावडर आणायला सांगा.

पाकिटावर चार गोष्टी पाहा.

पहिली, भाजल्याची तारीख. नुसती ‘बेस्ट बिफोर’ काही सांगत नाही. भाजल्यावर बियांतून काही दिवस वायू बाहेर पडत राहतो, म्हणून अगदी काल भाजलेली कॉफीही बेचव लागू शकते. साधारण आठवड्यापासून महिन्या-दीड महिन्यापर्यंत अख्ख्या बिया उत्तम असतात. दळलेली पावडर मात्र काही दिवसांतच उतरायला लागते. अर्धा किलोचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. महिन्याला लागेल तेवढीच घ्या, तीही दोन हप्त्यांत.

दुसरी, अरेबिका की रोबस्टा. अरेबिका नाजूक, सुगंधी, थोडी आंबूस. रोबस्टा दणकट, कडवट, आणि तिच्यात कॅफिन जवळपास दुप्पट. काळी कॉफी प्यायची असेल तर अरेबिका घ्या. दुधाची असेल तर दोन्हींचं मिश्रण दुधाखाली दबत नाही.

तिसरी, चिकोरी. ही कॉफी नव्हे, एका झाडाचं भाजलेलं मूळ. तिने रंग गडद होतो, डिकॉक्शन म्हणजे फिल्टरमधून उतरणारा अर्क दाट होतो, कॅफिन मात्र तिच्यात नसतं. कायद्याने अशा मिश्रणात निम्म्याहून जास्त, किमान 51 टक्के कॉफी असावीच लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. फिल्टर कॉफीत चिकोरी असणं ही फसवणूक नाही, ती जुनी चव आहे. 80:20 ने सुरुवात करा. 60:40 मध्ये रंग भरपूर मिळतो, पण कॉफीचा सुगंध शोधावा लागतो. फ्रेंच प्रेस (दांडीची जाळी दाबून चोथा वेगळा करायचं भांडं) किंवा काळ्या कॉफीसाठी चिकोरी नकोच.

चौथी, भाजणी. दुधासाठी मध्यम ते गडद, काळीसाठी मध्यम. अगदी फिकट भाजलेल्या बियांपासून सुरुवात करू नका. त्या दळायला कठीण आणि चवीला आंबट, नवख्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

गावात दाक्षिणात्य किराणा ठेवणाऱ्या दुकानांत फिल्टर पावडर मिळते, तिथे मागे ठेवलेलं नवं पाकीट मागून घ्या. अख्ख्या बियांसाठी ऑनलाइन मागवणं सोयीचं. नागपूरचं कॉरिडॉर सेव्हन, मुंबईचं सबको, ब्लू टोकाई असे रोस्टर भाजल्याची तारीख छापतात आणि सांगाल त्या जाडीची दळूनही देतात.

साठवण हा आपल्याकडचा वेगळा प्रश्न. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 ला जातो आणि गॅसशेजारचं फडताळ त्याहून गरम. कॉफी घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्याखालच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. रोज उघडायचा डबा फ्रीजमध्ये नको, कारण बाहेर काढला की आत बाष्प धरतं, आणि शेजारच्या कांद्या-लसणाचा वासही कॉफी ओढून घेते. जास्तीची कॉफी छोट्या हवाबंद पिशव्यांत डीप फ्रीजरला ठेवली तर चालते. मात्र पिशवी बाहेर काढल्यावर तिचा गारवा पूर्ण गेल्याशिवाय उघडायची नाही.

पायरी 3: वजनकाटा

पहिली खरेदी हीच करा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा स्वयंपाकघराचा काटा पुरतो. 0.1 ग्रॅमचा मिळाला तर अधिक चांगला. चमच्याने मोजलेली पावडर दरवेळी वेगळी भरते. गडद भाजलेली हलकी असते, फिकट जड, जाड दळलेली वेगळी, बारीक वेगळी. आज छान झालेली कॉफी उद्या तशीच करता आली नाही तर माणूस शिकणार कसा?

पाणीही ग्रॅममध्येच मोजा, एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. काळ्या कॉफीसाठी 1 ग्रॅम पावडरीला 15 ते 16 ग्रॅम पाणी. हे एक प्रमाण पाठ करा, बाकीची त्यावरून बांधता येतील.

पायरी 4: दळणं

गिरणीत ज्वारी देताना आपण ‘जरा जाडसर’ किंवा ‘बारीक’ असं सांगतो, कारण त्यावर भाकरी ठरते. कॉफीचंही तसंच आहे. बारीक दळली की पाणी भराभर चव ओढतं, जाड दळली की सावकाश. त्यामुळे जाडी आणि वेळ यांची जोडी जमवायची असते. चार मिनिटं भिजणाऱ्या फ्रेंच प्रेसला जाड रवा. ओतून गाळायच्या कॉफीला बारीक रवा. मोका पॉट (वाफेच्या दाबाने पाणी पावडरीतून वर चढवणारं भांडं) आणि दाक्षिणात्य फिल्टरला बारीक मीठ, पिठीइतकं मऊ नाही.

खरा फरक पडतो तो एकसारखेपणाने. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी पृष्ठभाग असतात, त्यांच्यातलं अंतर ठरलं की दाण्याचा आकार ठरला. जात्याचंच तत्त्व. मिक्सरचं पातं मात्र दाणे तोडत सुटतं. काहींचं पीठ होतं, काही अर्धेच राहतात. पीठ कडू उतरतं, अर्धे दाणे आंबट, आणि एकाच कपात दोन्ही चुका एकत्र येतात. माझ्या पहिल्या मशीनच्या कडू-पाणचट कॉफीत याचाही वाटा होता.

हाताने फिरवायचा चांगला बर ग्राइंडर साधारण अडीच-तीन हजारांपासून मिळतो. दोन कपांपुरत्या बिया दळायला मिनिटभर लागतं. पैसे साठवून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती हीच. स्वस्त मशीन आणि मिक्सरची पावडर यापेक्षा चांगला ग्राइंडर आणि साधं पातेलं यांची कॉफी कितीतरी पटींनी सरस होते.

तोपर्यंत मिक्सर वापरायचाच असेल तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, दर झटक्यानंतर भांडं हलवा, आणि पात्याच्या उष्णतेने पावडर तापण्याआधी थांबा. मग मैद्याच्या चाळणीने चाळा. खाली पडलेलं पीठ बाजूला काढा, वर राहिलेली रवाळ पावडर फ्रेंच प्रेसला वापरा. आणि भांडं वेगळं ठेवा. ज्या भांड्यात शेंगाचटणी फिरते त्यात कॉफी दळलीत तर लसूण कपापर्यंत येईल. भांड्यात वास राहिलाच असेल तर मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या.

पायरी 5: भांडं

दुधाची कॉफी आवडत असेल तर दाक्षिणात्य फिल्टर घ्या. विचार करत बसू नका. स्टीलचा दोन-तीन कपांचा फिल्टर पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो, त्यात मोडण्यासारखं काही नाही, कागद लागत नाही, वीज लागत नाही. वरचं भांडं बारीक छिद्रांचं, खालचं साठवणीचं, मध्ये दांडीची चकती आणि वर झाकण. घेताना वरचं भांडं उजेडासमोर धरून छिद्रं पाहा. सगळी सारखी आणि बारीक हवीत. मोठ्या छिद्रांतून पावडर खाली येते.

अज्जींची रीत अशी:

1. वरचं भांडं पूर्ण कोरडं करून घ्या. ओल्या छिद्रांना पावडर चिकटून ती बुजतात.
2. 25 ग्रॅम पावडर घाला. भांडं ओट्यावर हलकेच आपटून वरची पातळी सारखी करा.
3. चकती ठेवून अगदी हलका दाब द्या. किती, हे मी अज्जींना विचारलं तेव्हा त्यांनी माझा अंगठा धरून आपल्या तळहातावर टेकवला आणि म्हणाल्या, "एवढाच गं. कणीक मळायची नाही आपल्याला."
4. चकती तशीच ठेवून तिच्यावर 30 ग्रॅम गरम पाणी गोल फिरवत घाला आणि अर्धा मिनिट थांबा. पावडर फुगते, कडेने बुडबुडे येतात. ताज्या पावडरीची ही खूण आहे. काहीच फुगलं नाही तर पावडर जुनी.
5. उरलेलं 100 ग्रॅम पाणी सावकाश ओता, झाकण लावा आणि हात लावू नका.
6. पंधरा ते वीस मिनिटांत खाली 80 मिलिलिटरच्या आसपास डिकॉक्शन जमतं. उरलेलं पाणी पावडर धरून ठेवते, ते पिळून काढायचं नसतं.

पाच मिनिटांतच सगळं खाली आलं तर पावडर जाड आहे किंवा कमी आहे. थेंब पडेनासाच झाला तर झाकण उघडून चकती किंचित सैल करा, बहुतेक वेळा तेवढ्याने मार्ग मोकळा होतो. पुढच्या वेळी दाब कमी द्या. अज्जींकडे मी पहिल्यांदा करत होते तेव्हा दहाव्या मिनिटाला झाकण उघडून पाहिलं, पुन्हा बाराव्या मिनिटाला. त्यांनी माझ्या हातातलं झाकण घेतलं, परत लावलं आणि भाजी निवडायला बसवलं. जुडी निवडून होईतो डिकॉक्शन उतरलं होतं. मी अजूनही फिल्टर लावला की दुसरं काम हाती घेते.

चाळीस मिलिलिटर डिकॉक्शनला शंभर मिलिलिटर दूध, हा माझा कप. डिकॉक्शन गॅसवर कधीही तापवू नका. निवलं असेल तर दूध कडक गरम घ्या, तेवढी ऊब पुरते. सकाळचं डिकॉक्शन संध्याकाळपर्यंत ठीक राहतं, दुसऱ्या दिवशीचं नको.

दूध हा आपल्याकडचा फायदा. रतीबाचं म्हशीचं दूध दाट असतं, त्याने कॉफीला अंग येतं. मात्र तेच दूध सकाळपासून तीनदा उकळलेलं असेल तर शिजल्याचा वास कॉफीवर बसतो. कॉफीपुरतं दूध पहिल्या उकळीलाच वेगळं काढा, साय बाजूला करा. मग पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हातभर उंचीवरून चार वेळा ओतायचं. नुसता देखावा नाही तो. फेस येतो, कॉफी पिण्याइतकी निवते आणि साखर तळाशी राहत नाही.

जायफळाबद्दल. आपल्या मराठी घरांत कॉफीला जायफळ लागतंच, आणि ते मला मनापासून आवडतं. फक्त ते दुधात उकळू नका, आणि पूड करून महिनोन्‌महिने डबीतही ठेवू नका. कप तयार झाला की वरून अख्खं जायफळ किसणीवर दोनदा फिरवा. एवढंच. त्याहून जास्त झालं तर कॉफी मागे पडते.

काळी कॉफी आवडत असेल किंवा आवडते का ते बघायचं असेल तर फ्रेंच प्रेस घ्या, साधारण हजारभर रुपयांत. प्रेस आधी गरम पाण्याने विसळून घ्या. 20 ग्रॅम जाड पावडर, 300 ग्रॅम पाणी. ओतून चार मिनिटं थांबा, वर जमलेला थर चमच्याने मोडा, फेस काढून टाका, आणखी तीन-चार मिनिटं गाळ खाली बसू द्या. मग दांडी सावकाश दाबून लगेच कपांत ओता. भांड्यात उरलेली कॉफी कडू होत जाते. काचेचं भांडं गार ओट्यावर एकदम ठेवू नका, खाली फडकं घ्या. याच प्रेसमध्ये कोमट-गरम दूध घालून दांडी वीस-पंचवीस वेळा वर-खाली केली तर चांगला फेसही येतो.

मोका पॉट दाट, जोरकस कॉफी देतो. इटलीत 1933 मध्ये आलेल्या या भांड्याची घडण आजही जवळपास तशीच आहे. खालच्या भागात वाफेच्या झडपेच्या खालपर्यंतच पाणी भरा, तेही आधी गरम केलेलं, म्हणजे पावडर गॅसवर भाजत राहत नाही. चाळणीत पावडर सपाट भरा, दाबू नका. आच अगदी मंद आणि भांड्याच्या बुडाबाहेर न जाणारी. नाहीतर दांडा वितळतो. वर येणारी धार पिवळट होऊन फुरफुरायला लागली की उतरवा आणि बूड ओल्या फडक्यावर टेकवा. आपल्या शेगडीवर तो डुगडुगतो, त्यासाठी छोटी जाळी घ्या. ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर चालणार नाही.

ओतून गाळायची कॉफी, म्हणजे व्ही60 सारख्या शंकूत, हात बसल्यावर करा. 15 ग्रॅम पावडर, 240 ग्रॅम पाणी. कागद आधी गरम पाण्याने भिजवा, पहिलं पाणी 45 ग्रॅम घालून पाऊण मिनिट थांबा, बाकीचं दोन-तीन टप्प्यांत. एकूण अडीच ते तीन मिनिटांत गळून व्हायला हवी.

एस्प्रेसो मशीन? पहिल्या वर्षात नको. एस्प्रेसो म्हणजे दाबाने काढलेली छोटी, दाट कॉफी. तिला साधारण 9 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट दाब लागतो. फक्त वाफेवर चालणाऱ्या स्वस्त मशीनना तो गाठता येत नाही, आणि खोक्यावर 15 किंवा 20 बार छापलं म्हणून चव वाढत नाही. शिवाय त्याला ग्राइंडर फार बारकाव्याचा लागतो. मशीनएवढेच पैसे त्यालाही घालायची तयारी असेल तेव्हाच तिकडे वळा, आणि तेव्हाही टाकीत बोअरचं पाणी नको.

पायरी 6: चव बिघडली तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. आंबट आणि पातळ लागली तर पावडर थोडी बारीक करा, किंवा पाणी जास्त गरम घ्या, किंवा वेळ वाढवा. कडू, जीभ ओढणारी तुरट लागली तर याच्या उलट. चव बरोबर आहे पण फिकी आहे, तर पावडर वाढवा. चव बरोबर पण झेपत नाही, तर तयार कॉफीत गरम पाणी घाला. सपक, मातकट लागत असेल आणि बाकी सगळं केलेलं असेल तर पुन्हा पाण्याकडे या.

पहिला महिना एक वही ठेवा. तारीख, कोणती पावडर, किती ग्रॅम, किती पाणी, किती मिनिटं, कशी लागली. दहा नोंदी झाल्या की तुमची कॉफी तुम्हाला सापडते.

उन्हाळ्यासाठी

मे महिन्यात दुपारी गरम कॉफी कोणी पीत नाही. तेव्हा कोल्ड ब्रू करा. 80 ग्रॅम जाड पावडर बरणीत घाला, 640 ग्रॅम गार पाणी ओता, ढवळा, झाकण लावून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, म्हणजे चौदा-सोळा तास. इथे पाणी उकळत नाही, म्हणून आरओचं किंवा आधी उकळून निववलेलंच घ्या. सकाळी गाळा. पिताना अर्धं पाणी किंवा दूध आणि बर्फ. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते. आंबटपणा कमी, म्हणून ज्यांना कॉफीने पोटात जळजळतं त्यातल्या काहींना ही सोसते.

गाळायला कापड लागतं, आणि मागांच्या गावात कापडाची काय कमतरता. पण टॉवेल किंवा टेरीचं नको, त्याचे धागे कॉफीत येतात. घट्ट विणीचं साधं सुती मलमल घ्या. नव्या कापडाला खळ असते. माझ्या पहिल्या गाळणीची कॉफी पेजेसारखी बुळबुळीत लागली ती त्यामुळेच. कापड दोनदा पाणी बदलून उकळा, हाताला कडकपणा लागेनासा झाला की वापरा. साबण कधीही लावू नका, त्याचा वास कापड सोडत नाही. वापरल्यावर नुसत्या गरम पाण्याने धुऊन लगेच कडक उन्हात वाळवा.

भांडी स्वच्छ ठेवणं

कॉफीत तेल असतं. ते भांड्याला धरून राहतं आणि चार दिवसांनी खवट होतं. फ्रेंच प्रेसची जाळी दर आठवड्याला सुटी करून घासा. किटलीच्या तळाला पांढरा थर दिसला की पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून उकळा, अर्धा तास ठेवा, दोनदा विसळा. सोलापूरच्या पाण्याला महिन्यातून एकदा हे करावंच लागतं. पितळी फिल्टर असेल तर आतली कल्हई शाबूत आहे ना ते बघत जा.

स्टीलच्या फिल्टरची छिद्रं बुजली तर वरचं भांडं सांडशीत धरून गॅसच्या आचेवर क्षणभर फिरवा. अडकलेले कण जळून जातात, मग ब्रशने घासून धुवा. धुतल्यावर अज्जी फिल्टर जोडून ठेवत नाहीत. वरचं भांडं, खालचं भांडं, चकती आणि झाकण, चारही तुकडे खिडकीच्या कट्ट्यावर पालथे, एकमेकांपासून सुटे. सकाळी त्यांना हात लावला की ते खडखडीत कोरडे असतात.